छाटणी कोणत्या फांदीची?
गृहबागेवरील मराठी लेखनाची एक चिकित्सा

भिवंडी तालुक्यातील दापोडे गावात आज कोणी प्रथमच गेले तर त्याला आधी गोदामे दिसतील. मुंबई-नाशिक महामार्गावरून माणकोलीच्या बाजूने आत वळले की पत्र्याच्या छपरांची रांग सुरू होते आणि ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत गावात शिरावे लागते. भाताच्या खाचरांपैकी बरीचशी या छपरांखाली गेली. उरली आहेत ती घरामागची परसे. एखादा आंबा, दोन पेरू, मोरीच्या पाण्यावर वाढलेले लिंबू, कुंपणाला शेवगा आणि कोठे कोठे आजोबांच्या वेळचा फणस. बाग म्हणावी असे हे काही नाही. पण घरात येणारे फळ याच चार-पाच झाडांचे असते, आणि त्यातले एक झाड जरी वर्षभर रुसले तरी ते घराला जाणवते.

अशाच एका परसातील आंब्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे. आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलाने डिसेंबरच्या सुरुवातीला विचारले, "सर, आमच्या आंब्याच्या फांद्या शेजारच्या पत्र्यावर घासतात. कधी छाटायच्या?" माझ्या टेबलावर गृहबागेचे एक पुस्तक होते. त्यात लिहिले होते की फळझाडांची छाटणी हिवाळ्यात, झाड सुप्तावस्थेत असताना करावी आणि साधारण एक तृतीयांश फांद्या काढाव्यात. मी तसेच सांगितले. मुलाच्या वडिलांनी नुसत्या पत्र्याकडच्या नव्हे तर चारी बाजूंच्या फांद्या सारख्या करून टाकल्या. जानेवारीत आसपासच्या आंब्यांना मोहोर आला. या झाडाला आली ती तांबूस, लुसलुशीत पालवी. झाड दिसायला अतिशय सुंदर होते. मे महिन्यात त्यावर एकही आंबा नव्हता. मुलाच्या आजीने निरोप पाठवला, "मास्तरांना सांग, पालाच हवा होता तर ऐन तोडायचा. आंबा कशाला?"

हा टोमणा ज्यांनी ठाणे जिल्ह्यातील भातशेती पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. येथे भाताचे रोप टाकण्यापूर्वी दाढीच्या जागेवर पाला, शेण, गवत पसरून ते जाळतात; त्याला राब म्हणतात. राबासाठी ऐनाच्या आणि इतर झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जातात. एकोणिसाव्या शतकात जंगल खात्याने या तोडीवर बंधने आणली तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोठा असंतोष झाला होता. मुंबई इलाख्याच्या वन आयोगाच्या १८८७ च्या अहवालात त्याची सविस्तर चर्चा आहे. दरवर्षी तोडलेला ऐन भरपूर पाला देतो, फुला-फळांवर मात्र क्वचितच येतो. म्हणजे आजीला छाटणीचे शरीरक्रियाशास्त्र ठाऊक होते, आणि माझ्या टेबलावरच्या पुस्तकाला ते ठाऊक नव्हते. पाला हवा असेल तर कसे तोडावे आणि फळ हवे असेल तर कसे, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

त्यानंतर मी जवळची आणि ग्रंथालयातली मिळतील तेवढी अशी पुस्तके, पुस्तिका आणि वृत्तपत्रांतील बागकामाची सदरे वाचून काढली. नावे घेत नाही, कारण छाटणीचे प्रकरण जवळजवळ सर्वत्र एकच आहे. वाक्येही एकमेकांच्या नात्यातली वाटतात. त्या प्रकरणाची ही चिकित्सा आहे. शिक्षकांपुढे ती मांडण्याचे कारण असे की गावात झाडाविषयीचा प्रश्न बहुधा शाळेतच येतो आणि आपण उत्तर बहुधा याच पुस्तकांतून देतो.

पहिला आक्षेप 'हिवाळी सुप्तावस्था' या शब्दावर आहे. सफरचंद, नाशपाती, पीच ही झाडे थंडी आली की पाने गाळतात आणि खरोखर झोपतात. त्यांच्या कळ्यांना पुन्हा जागे होण्यासाठी सात अंश सेल्सिअसच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी शेकडो तास मिळावी लागते. जातीनुसार हे तास कमीजास्त असतात, पण ती थंडी मिळाल्याशिवाय कळी नीट फुटत नाही. या झोपेच्या काळात छाटणी केली तर झाडाने खोडात आणि मुळांत साठवलेले अन्न सुरक्षित राहते, सांगाडा स्पष्ट दिसतो, आणि वसंतात उरलेल्या डोळ्यांना ते अन्न मिळते. इंग्लंडातील बागवानाला हा सल्ला योग्य आहे. आपल्या देशात काश्मीर आणि हिमाचललाही योग्य आहे. भिवंडीत पारा पंधरा अंशांजवळ आला की आपण स्वेटर शोधू लागतो. आंबा, चिकू, पेरू, लिंबू, फणस ही येथली झाडे सदाहरित आहेत. डिसेंबरात ती झोपलेली नसतात. आंबा तर त्या महिन्यात वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम करीत असतो.

ते काम काय, हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो. पण कोणत्याही शेंड्याला येत नाही. जी काडी काही महिन्यांची, पक्व, गडद हिरव्या पानांची झाली आहे तिलाच तो येतो. अशा पक्व काडीच्या टोकावरची कळी थंड रात्री लाभल्या की पालवीऐवजी मोहोराकडे वळते. कोकणात ही थंडी बेताचीच आणि थोडे दिवस असते, त्यामुळे काडीचे वय येथे अधिकच महत्त्वाचे ठरते. पाऊस लांबून ऑक्टोबरात पालवी आली तर ती डिसेंबरपर्यंत कोवळीच राहते आणि मोहोर उशिरा येतो किंवा येतच नाही, हे हापूसच्या बागायतदारांना चांगले माहीत आहे. आता डिसेंबरात एक तृतीयांश फांद्या शेंड्याकडून छाटल्या, म्हणजे काय केले? मोहोराच्या तयारीत असलेल्या नेमक्या कळ्याच कापून टाकल्या. खालच्या कळ्या जाग्या झाल्या, पण त्यांच्या वाट्याला मुळांकडून आलेला भरपूर रस आणि छाटणीनंतरची जोमदार वाढ आली. त्यांनी पालवी दिली. थंडी भरपूर आणि दीर्घकाळ असेल तर कापलेल्या शेंड्याखालच्या बगलेतील कळ्यांतूनही मोहोर येऊ शकतो. आपल्याकडे त्यावर विसंबता येत नाही, आणि दापोड्याच्या त्या झाडाने तेच दाखवले.

मग आंबा छाटायचा कधी? हलकी छाटणी काढणी संपताच, म्हणजे ज्या देठांना फळे लागली होती ते देठ आणि आत शिरलेल्या बारीक काड्या. त्यातून पावसाळ्यात येणारी पालवी डिसेंबरपर्यंत पक्व होण्याइतकी म्हातारी होते. येथे एक अडचण आहे आणि ती लपवू नये. आपल्याकडे आंबा मेअखेर उतरतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळू लागतो. अंगठ्यापेक्षा जाड फांदी त्या वेळी कापली तर ती जखम चार महिने भिजत राहते. म्हणून जाड, वाळलेल्या किंवा पत्र्यावर घासणाऱ्या फांद्यांचे काम पाऊस सरल्यावर करावे आणि तेवढ्या फांद्यांचे त्या वर्षीचे फळ सोडून द्यावे. एकाच महिन्यात सर्व छाटणी उरकण्याचा हट्ट पुस्तकांनी धरला आहे, झाडाने नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. काही पुस्तकांनी इंग्रजी महिने टाकून मराठी बहार घेतले आहेत. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार ही नावे आपल्या मातीतली आहेत आणि ती ज्यांनी शोधली त्यांची बुद्धी थोर. झाडाचे पाणी तोडायचे, ताण द्यायचा, पाने गळू द्यायची, मग खत आणि पाणी देऊन एकदम फुलोरा आणायचा. थंडी नाही तर कोरडेपणाच्या साहाय्याने झाडाला झोपवायचे आणि उठवायचे! संत्रे, मोसंबी, डाळिंब, पेरू यांच्या बागा घाटावर आणि विदर्भात अशा धरल्या जातात. पण ही युक्ती ज्या प्रदेशात जन्मली तेथे पाणी तोडणे माणसाच्या हातात असते. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हस्त बहारासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात ताण द्यावा, हे वाक्य दापोड्यात छापून काय उपयोग? तेव्हा पेरूच्या बुंध्याशी पाणी साचलेले असते. विलायतेची नक्कल चूक आहे हे आपल्याला पटकन पटते. सासवडची किंवा नागपूरची नक्कल कोकणात तितकीच चूक ठरू शकते, हे पटायला वेळ लागतो.

पेरूचेच उदाहरण घेऊ, कारण परसात सर्वांत जास्त कापला जाणारा तोच. पेरूला फूल येते ते नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत. म्हणून पेरू छाटला की फळ जाते असे होत नाही. उलट छाटला की नवी फूट येते आणि फुटीबरोबर फुले. छाटणीचा महिना येथे फळ येणार की नाही हे ठरवीत नाही, ते कधी येणार हे ठरवतो. पुस्तकाप्रमाणे जानेवारीत छाटलेला पेरू फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलेल आणि त्याची फळे जुलै-ऑगस्टच्या पावसात पिकतील. पावसाळी पेरू पाणचट असतो आणि फळमाशीच्या अळ्यांनी भरलेला असतो, हे कोणत्याही मुलाला विचारा. तोच पेरू एप्रिल-मेमध्ये छाटला तर नैसर्गिक ताण त्याला मिळालेलाच असतो. वळवाच्या आणि मृगाच्या पाण्यावर तो फुटतो, फुलतो आणि नोव्हेंबर ते जानेवारी या थंड, कोरड्या दिवसांत घट्ट, गोड फळ देतो. कोकणात ताण देण्याची सोय निसर्गाने उन्हाळ्यातच केली आहे. झाड तेच, कात्री तीच. माझ्या संग्रहातील एकाही पुस्तकात पेरूच्या छाटणीचा संबंध फळमाशीशी लावलेला नाही. फळमाशी पुढे किडींच्या प्रकरणात, औषधांच्या यादीसह भेटते.

सुप्तावस्था आपल्याकडे नाहीच असे मात्र नाही. बोरीकडे पाहा. ती एप्रिल-मेच्या कडक उन्हात पाने गाळते आणि झोपते. महाराष्ट्रात बोरीची छाटणी त्याच वेळी, चांगली खोलवर करतात. पावसाबरोबर येणाऱ्या नव्या फुटीवर फुले येतात आणि बोरे थंडीत पिकतात. म्हणजे 'झाड झोपेत असताना छाटा' हा नियम बोरीला लागू आहे, फक्त तिची झोप उन्हाळ्यातली आहे. पुस्तक लिहिणाऱ्याने नियम उचलण्याऐवजी महिना उचलला, आणि नियमामागचे कारण वाटेत सांडले.

ते कारण न सांडता उचलल्याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे, ते द्राक्षाचे. द्राक्षवेल मूळची थंडीत पाने गाळणारी. युरोपात ती वर्षातून एकदा, हिवाळ्यात छाटतात. नाशिक-सांगलीत तिला झोपवणारी थंडी नाही. तेथील बागायतदार आणि संशोधक यांनी एका पिकासाठी दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी; तीत वेल जवळजवळ उघडी करतात आणि पीक न घेता नव्या काड्या वाढवतात. या काड्यांच्या डोळ्यांत, छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांच्या सुमारास, पुढच्या घडांची सूक्ष्म घडण होते. त्या वेळी काडीवर चांगले ऊन पडले पाहिजे, म्हणून दाट फुटी विरळ करतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. तीत काडी इतकी आखूड ठेवतात की घड असलेला डोळा शेंड्याला यावा. थॉमसन सीडलेसचे तळाचे डोळे बहुधा वांझ असतात, त्यामुळे काडी फार आखूड कापली तर वेल हिरवीगार होते आणि द्राक्षे येत नाहीत. काही बागायतदार छाटणीपूर्वी डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड तपासून घेतात. ऑक्टोबर हा महिना कोणा इंग्रजी पुस्तकातून आलेला नाही. पाऊस थांबलेला असतो, थंडी कडक होण्याआधी फूट निघते, आणि फळ पावसाच्या आत घरात येते. ज्या राज्यात ही पद्धत रोज वापरली जाते त्याच राज्यातील गृहबागेची पुस्तके सफरचंदाचे वेळापत्रक पेरूला लावतात, याचे नवल वाटते.

आता आपल्या शालेय पुस्तकांकडे वळू, कारण दोष फक्त बागेच्या पुस्तकांचा नाही. वनस्पतिशास्त्राच्या धड्यात अग्रस्थ कळीचे वर्चस्व शिकवले जाते. शेंड्याकडून ऑक्सिन हे संप्रेरक खाली येते, त्यामुळे बगलेतील कळ्या दबून राहतात. शेंडा खुडला की त्या फुटतात. के. व्ही. थिमान आणि फोल्के स्कूग यांनी १९३३ मध्ये घेवड्याच्या कुळातील बाकल्याच्या रोपांवर हे दाखवले. त्यांनी शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावले आणि बगलेतील कळ्या दबूनच राहिल्या. प्रयोग देखणा आहे आणि धड्यात असायलाच हवा. पण पुढची गोष्टही सांगायला हवी. मुळांकडून वर जाणारी सायटोकायनिने कळ्यांना जागे करतात. २००८ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन हा फुटव्यांना आवरणारा आणखी एक संप्रेरकगट दोन संशोधक-गटांनी पुढे आणला. आणि २०१४ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांत असे दिसले की शेंडा कापल्यावर खालच्या कळीची पहिली हालचाल ऑक्सिन कमी झाल्याची बातमी तेथे पोचण्यापूर्वीच सुरू होते. शेंड्याकडे जाणारी साखर आता कळीकडे वळते आणि ती साखरच पहिला इशारा ठरते. विद्यार्थ्याने परीक्षेत एवढे लिहावे असे माझे म्हणणे नाही. पण 'शेंडा म्हणजे साखरेचा मोठा गिऱ्हाईक, तो गेला की इतरांना माल मिळतो' हे आठवीच्या मुलाला सहज कळते, आणि कोणती फांदी कापावी याचा विचार करताना ते उपयोगीही पडते.

धड्यात न येणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कळी फुटेल एवढेच वर्चस्वाच्या नियमातून कळते. ती पाला देईल की फूल, हे त्यातून कळत नाही. ई. जे. क्राउस आणि एच. आर. क्रेबिल यांनी १९१८ मध्ये टोमॅटोवरील अभ्यासातून असे मांडले की झाडात कर्बोदके आणि नत्र यांचे परस्परप्रमाण वाढ आणि फळधारणा यांवर परिणाम करते. नत्र फार आणि कर्बोदके कमी असली तर नुसता पाला. हे प्रमाण एखाद्या किल्लीसारखे सर्व कुलपांना लागते असे आज कोणी मानीत नाही, संप्रेरके आणि हवामान यांचा वाटा मोठा आहे. तरी परसातील जड छाटणी समजायला ते अजून पुरेसे आहे. मुळे होती तेवढीच राहिली, ती नत्र आणि पाणी तेवढेच वर पाठवतात; पण अन्न बनवणारी पाने कमी झाली. मग झाड आधी पाने भरून काढते. घरमालक उत्साहाने त्यातच शेणखताची पाटी आणि युरियाची मूठ घालतो. दुसऱ्या वर्षीही पालाच येतो आणि झाड 'नर' असल्याचा निकाल दिला जातो!

यावरून 'एक तृतीयांश' या मापाविषयीही बोलता येईल. पानगळी झाडाचे बरेचसे राखीव अन्न हिवाळ्यात खोडात आणि मुळांत असते. फांद्या कापल्या तरी ते शिल्लक राहते. लिंबाच्या राखीव साठ्याचा, विशेषतः नत्राचा, मोठा भाग पानांतच असतो. लिंबाची एक तृतीयांश पाने काढणे म्हणजे कणगीचा एक भाग उचलून उकिरड्यावर टाकणे. कागदी लिंबाला वाळलेल्या काड्या, बुंध्यातून सरळ उंच जाणारे पानसोट आणि कलमाच्या जोडाखाली खुंटावर आलेले फुटवे एवढेच काढावे. तेही पावसाच्या तोंडावर नको. पावसात निघणाऱ्या कोवळ्या फुटीवर नागअळी येते, आणि तिने पोखरलेल्या पानांतून खैऱ्या रोगाला आत शिरायला वाट मिळते.

तिसरा आक्षेप जखमेवर लावायच्या रंगाबद्दल आहे. बहुतेक पुस्तके सांगतात की काप बुंध्याशी अगदी सपाट घ्यावा आणि त्यावर रंग किंवा डांबर लावावे, म्हणजे जखम 'भरते'. अमेरिकेच्या वनसेवेतील अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे करवतीने उभी चिरून आत काय घडते ते पाहिले. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती बांधते आणि तो भाग कायमचा कोंडून टाकते. बाहेरून नवे लाकूड त्यावर चढते. १९७७ मध्ये त्यांनी ही कल्पना व्यवस्थित मांडली. यातून दोन गोष्टी निघतात. फांदीच्या बुडाशी जी किंचित फुगीर कडी असते तीतच या संरक्षणाची मोठी तयारी असते, म्हणून काप त्या कडीच्या बाहेर, पण तिला लागून घ्यावा. सपाट काप ती कडीच कापून टाकतो. उलट कोयत्याने तोडून ठेवलेला वीतभर खुंट वाळतो, कुजतो आणि कूज आत नेतो. दुसरी गोष्ट, रंगाने आतली कूज थांबत नाही. कधी कधी तो ओल धरून ठेवतो. बोर्डो पेस्टचे मात्र थोडे वेगळे आहे. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण १८८५ मध्ये फ्रान्समधील बोर्डो परिसरात मिलार्दे यांनी द्राक्षाच्या केवडा रोगावर पुढे आणले. पावसाळी प्रदेशात ताज्या कापावर बुरशी रुजू नये म्हणून ते काही काळ उपयोगी पडते. त्याने जखम भरते असे मात्र मुलांना सांगू नये.

या पुस्तकांत चांगले काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हत्यार धारदार आणि स्वच्छ असावे, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढावी, जड फांदी कापताना आधी खालून अर्धवट काप घ्यावा म्हणजे साल सोलत जात नाही, या सूचना योग्य आहेत आणि बहुतेकांनी त्या नीट चित्रांसह दिल्या आहेत. चित्रे मात्र जवळजवळ नेहमी सफरचंदाच्या झाडाची असतात. फांदी मोकळ्या पेल्यासारखी पसरलेली, पाने नाहीत. अशी फांदी पाहून लिंबाच्या झुडपासमोर उभा राहिलेला माणूस सिकेटर हातात घेऊन काय करणार?

हे प्रकरण पुन्हा लिहायचे झाले तर महिन्यांचा तक्ता काढून टाकावा आणि फळ कोणत्या लाकडावर लागते यावरून झाडे मांडावीत. पेरू, बोर, अंजीर, शेवगा आणि तुती नव्या फुटीवर फळतात. त्यांना कात्रीची भीती नाही, प्रश्न फक्त वेळेचा. शेवगा तर शेंगा संपल्यावर कमरेइतका ठेवला तरी पुन्हा उठतो, आणि उंच वाढू दिला तर त्याच्या ठिसूळ फांद्या पहिल्या वादळात पत्र्यावर येतात. सीताफळ बहुतांशी याच घरातले. आंबा आणि चिकू पक्व शेंड्यांच्या टोकाशी फुलतात; त्यांचे शेंडे सरसकट छाटणे म्हणजे फळच छाटणे. चिकू इतका सावकाश वाढतो की वाळलेले आणि जमिनीला टेकलेले काढले की त्याचे काम संपले. फणसाचे फळ खोडाला आणि जाड फांद्यांना लागते; बाहेरचा घेर थोडा कमी केला तर फळाची जागा जात नाही, पण जाड फांदी गेली की तिच्यावरची पुढची कित्येक वर्षे गेली. डाळिंब या सर्वांच्या मधे कोठे तरी बसते, ते जुन्या आणि नव्या दोन्ही काड्यांवरच्या आखूड फुटव्यांवर फळते, म्हणून त्याला हलका हात लावतात. एवढी चार-पाच वाक्ये कोणत्याही वेळापत्रकापेक्षा अधिक उपयोगी आहेत, कारण दापोड्यात, दापोलीत आणि धुळ्यात महिने बदलतील. पेरू कोठेही नव्या फुटीवरच फुलेल.

शाळेला हे पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. तुतीचे एक झुडूप पुरते. तिच्या एका फांदीची पाने ओरबाडून शेंडा खुडावा आणि शेजारची फांदी तशीच ठेवावी. काही दिवसांत पहिल्या फांदीच्या बगलांतून फुटवे येतात आणि त्यांच्या बुडाशी हिरवट फुलांचे घोस दिसू लागतात. कळी कोणती, फूल कोठे, किती दिवसांनी, हे मुले वहीत मांडतील. पेरूच्या आडव्या वाकवून बांधलेल्या आणि सरळ उभ्या फांद्यांवरची फुले मोजली तर कात्री न लावताही फुलोरा आणता येतो हे त्यांना कळेल. वाकवलेल्या फांदीवर शेंड्याचे वर्चस्व सैल होते.

दापोड्याच्या त्या घरी पुढच्या वर्षी मी स्वतः गेलो. आजींनी चहा दिला आणि झाडाकडे जाऊ दिले, पण कात्री माझ्या हातात दिली नाही. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी मुलाकडून साठ शेंडे निवडून घेतले. तीस शेंडे पावसाळ्यात फुटून पक्व झालेले, गडद पानांचे. तीस नुकत्याच आलेल्या तांबूस पालवीचे. पहिल्यांना लाल आणि दुसऱ्यांना निळा नायलॉनचा धागा बांधला. फेब्रुवारीत मोहोर धरलेले शेंडे मोजले. लाल धाग्याचे निम्म्याहून अधिक मोहोरले होते, निळ्या धाग्याचे दोनच. एका झाडावरची ही मोजणी आहे, तिच्यावर निबंध लिहायला नको. पण वर्गात फळ्यावर मांडली तेव्हा छाटणीचा महिना कोणता, हे मला सांगावे लागले नाही. ज्या शाळांना हे करून पाहायचे असेल त्यांनी धागा सैल बांधावा. घट्ट बांधला तर काडी जाड होताना तो सालीत रुततो आणि तो शेंडा मोजणीतून बाद करावा लागतो. आमचे तसे चार गेले.